टेनंटची थंडी

"आई, देअर्स मड इन द फ्रिज," तनया म्हणाली आणि फ्रिजचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिली.

"माती नाहीये ती. झाड आहे," कुंदा कणीक मळता मळता म्हणाली. "कोथिंबीर घे आणि दार लाव."

"व्हाय इज अ प्लांट इन द फ्रिज?"

"त्याचा हिवाळा चाललाय."

तनया बारावीत होती, आणि बारावीतल्या मुलीला घरच्या गोष्टींचं आश्चर्य करत बसायला वेळ नसतो. तिने कोथिंबीर ओट्यावर ठेवली, दार लावलं आणि हॉलमधून जाता जाता बापाकडे बघून "युअर वाइफ, बाबा," एवढंच म्हणाली.

प्रल्हाद नेवगी सोफ्यावर पेपर वाचत होते. शुक्रवार होता, दुबईतला सुट्टीचा दिवस. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं, पण त्यांनी पान उलटलं. फ्रिजमध्ये झाड जाण्याला कायद्याच्या भाषेत त्यांचंच एक वाक्य जबाबदार होतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

ते झाड हार्डिंगचं. हार्डिंग म्हणजे नेवगींचा जुना चीफ इंजिनियर. दुबईच्या देरा भागात खाडीच्या बाजूला चौदा मजल्यांची एक ऑफिस बिल्डिंग आहे, तिथल्या एसीचं सगळं काम नेवगींच्या कंपनीकडे होतं. हार्डिंग रिटायर होऊन इंग्लंडला निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान स्टाफमध्ये वाटून टाकलं. टीव्ही मिळाला प्लांट ऑपरेटर खैरुद्दीनला. गोल्फची पिशवी मिळाली अकाउंटंटला, जो ती आजतागायत दाराआड उभी करून तिच्यात झाडू ठेवतो. नेवगींच्या वाट्याला एक कुंडी आली.

"ऑर्किड," हार्डिंग म्हणाला होता. "पण नाजूक नव्हे हं. ही बर्फाखालीसुद्धा जगते. माझ्या आईच्या बागेत दर मे महिन्यात फुलते. इथे मात्र सात वर्षांत एकदाही नाही. शी नीड्स अ विंटर, प्रल्हाद."

म्हणजे झाडाबरोबर आपण आपलं सात वर्षांचं अपयशही देतो आहोत, असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. साहेब लोकांना ही कला उपजत असते.

झाड दिसायला हळदीच्या रोपासारखं. लांब, चुण्या घातल्यासारखी पानं, खाली मातीत आल्यासारखे गड्डे. हार्डिंगने सांगितलेलं शास्त्र सोपं होतं. थंडी पडली की याची पानं पिवळी पडतात, गळतात, आणि झाड मातीखाली मेल्यासारखं पडून राहतं. तेव्हा त्याला कळतं की वर्ष संपलं. मग थंडी ओसरली की नवा कोंब येतो आणि त्याच्या पोटातून फूल येतं. थंडी पडलीच नाही, तर वर्ष संपलं हे झाडाला कळत नाही. ते आपलं चालूच राहतं.

आणि दुबईची थंडी काय, तर डिसेंबरात लोक फोटोपुरतं स्वेटर घालतात आणि रात्री एसी बंद करतात. अल मनखूलमधल्या नेवगींच्या बाल्कनीत त्या थंडीने सगळ्याच झाडांचा गोंधळ उडवला होता. मोगरा जानेवारीत फुलायचा आणि एप्रिलमध्ये गप्प बसायचा. पुण्याहून आणलेली शेवंती थंडीची वाट बघत नुसती उंच उंच जात कठड्याबाहेर डोकावली होती. गुलाबाला विसावा म्हणून नव्हता, तो बारा महिने बटणाएवढी फुलं देत राहायचा, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानासारखा. हार्डिंगच्या झाडाची दोन पानं पिवळी पडायची, बाकीची हिरवीच राहायची आणि भर जानेवारीत एक फिकट कोंब घाईघाईने वर यायचा. फुलाचं नाव नाही. तिथल्या हिवाळ्यावर खूश होती ती फक्त म्युनिसिपालिटीची पेटूनिया. रस्त्याच्या दुभाजकात ती थंडीच्या तोंडावर लावतात आणि उन्हाळा दिसायच्या आत उपटून टाकतात. तिचा व्हिसाच तेवढा असतो.

आता ते जबाबदारीचं वाक्य.

एसीच्या धंद्यातल्या माणसाला उन्हाळ्यात रजा नसते. त्यामुळे जूनअखेर शाळा बंद झाल्या की कुंदा तनयाला घेऊन पुण्याला जायची आणि नेवगी मागे राहायचे. जानेवारीत चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, निवांत असत, तेव्हा नेवगी पुण्याला जायचे, आणि शाळा असल्यामुळे कुंदा मागे राहायची. इतक्या वर्षांत नवराबायको एका विमानात फार तर दोनदा बसले असतील. पुण्याच्या नातेवाइकांनी तर दोघांना एकत्र बघितल्याला जमाना झाला होता. कुंदाच्या मोठ्या बहिणीने एकदा सरळ विचारलं होतं, "तुमचं बरं चाललंय ना गं?"

"आपण परत कधी जायचं?" हा प्रश्न कुंदा दर कॉन्ट्रॅक्टच्या वेळी विचारायची. उत्तर दरवेळी "पुढच्या वर्षी" हेच असायचं. अशाच एका वेळी बाल्कनीत चहा पिताना तिने विचारलं, आणि नेवगींची नजर त्या क्षणी नेमकी कुंडीवर होती.

"हे फुललं की जाऊ," ते म्हणाले.

कुंदाने कप खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की."

नेवगी इंजिनियर होते. हार्डिंगची सात वर्षं आणि आपली दोन, असा हिशेब मनात करूनच त्यांनी ते वाक्य उच्चारलं होतं. कुंदाने मात्र ते सही केल्यासारखं घेतलं. त्या दिवसापासून ती कुंडी हार्डिंगची राहिली नाही.

"तुमच्या बिल्डिंगमध्ये एवढी थंडी असते," ती एकदा म्हणाली होती. "एका कोपऱ्यात ठेवली कुंडी तर?"

"ती टेनंटची थंडी आहे," नेवगी म्हणाले. "भाडं भरतात ते तिचं."

कुंदाने पुन्हा विचारलं नाही. तिने घरातलीच थंडी वापरली.

फ्रिजमधला हिवाळा मार्चपर्यंत चालला. मग एक दिवस भाजीच्या कप्प्यातून वास यायला लागला. कुंदाला वाटलं कोबी असेल. कोबी चांगला निघाला. तिने कुंडी ओट्यावर घेतली, चमच्याने माती बाजूला केली, आणि नवऱ्याला हाक मारली.

गड्डे नासक्या बटाट्यांसारखे झाले होते. नेवगींनी एक दाबून बघितला, बोट आत गेलं.

"पाणी घालत होतीस?"

"चमचाभर. रोज."

"अगं, झोपलेल्या झाडाला पाणी घालायचं नसतं. कोरडं ठेवायचं."

"सकाळी तुळशीला घालते ना, तेव्हाच फ्रिज उघडून यालाही घालायची." ती ओट्यावर सांडलेली माती नखाने खरवडत होती. "एकाला पाजायचं आणि घरातल्याच दुसऱ्याला तहानेलं ठेवायचं, हे मला जमत नाही."

 नेवगींच्या धंद्यात पाणी गळतं किंवा गळत नाही, मधली अवस्था नसते. त्यांनी चाकू घेऊन सडलेले गड्डे कापून टाकले. दोन शाबूत निघाले, ते नव्या मातीत लावले. कुंदा ओटा पुसत राहिली. सुटका झाली असं नेवगींना वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही याचा विचार करायला नको म्हणून ते खाली जाऊन दूध घेऊन आले. घरात दूध होतं.

मेमध्ये बारावीचा निकाल लागला, तनयाला पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली आणि जूनमध्ये मायलेकी निघाल्या. दुबईत वाढलेल्या आपल्या मुलांचं हे असंच असतं. अठरा वर्षं त्यांना "आपला देश, आपला देश" म्हणून सांगायचं आणि मग एक दिवस खरोखरच तिकडे पाठवून द्यायचं.

"तुळस आणि ते झाड बघा," एअरपोर्टवर कुंदा म्हणाली. "बाकीचं राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं."

"बघतो."

"हॉस्टेलला तिचं बस्तान बसवते आणि सप्टेंबरला येते."

"हो हो."

"बाबा, डोन्ट लिव्ह ऑन मॅगी," तनया म्हणाली आणि पासपोर्ट नीट असल्याची पुन्हा खात्री करून घेतली.

जूनच्या मध्याला बाल्कनीतल्या कठड्यावर हात टेकवत नव्हता. दोन गड्ड्यांना आलेली पानं टोकाकडून जळायला लागली होती. एका सकाळी कामावर निघताना नेवगींनी डब्याच्या पिशवीशेजारी दुसरी पिशवी घेतली आणि कुंडी तिच्यात ठेवून कंपनीच्या व्हॅनमध्ये बसले. का, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

त्या चौदा मजली बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर एक बंद खोली असते, फॅन रूम. तिच्यात यंत्राचं एक मोठं धूड बसवलेलं असतं. थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा ओढायची आणि ऑफिसांत सोडायची, एवढंच त्याचं काम. अकराव्या मजल्यावरची फॅन रूम सगळ्यांत गार. त्या धुडाला आत जायला एक दार असतं, आत गेलं की जुलैमध्येसुद्धा दात वाजतात. दुबईत हिवाळा असतो, पण तो जुलैमध्ये असतो आणि घरात असतो. नेवगी हा हिवाळा आयुष्यभर तयार करत होते. त्यात काही ठेवायचं त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

ते कुंडी आत ठेवत असताना मागून खैरुद्दीन आला. खैरुद्दीन औरंगाबादचा. त्याची हिंदी अर्धी मराठी होती आणि बाकीची अर्धी वायरिंगची.

"साब, ये क्या रखते?"

"सँपल है."

"किसका सँपल?"

"घर का."

खैरुद्दीनने वाकून बघितलं. "ये तो हार्डिंगसाब का झाड है." मग जरा विचार करून म्हणाला, "नया टेनंट समझूँ? किराया कौन भरेगा?"

"तू काम कर."

"खलास, साब. मैंने कुछ देखाच नई."

नेवगींनी पाणी घातलं नाही. ते जमत होतं त्यांना. दर दोन दिवसांनी फिल्टर बघायच्या निमित्ताने ते आत जायचे, आणि झाड पिवळं पडताना बघून परत यायचे. जुलै संपेपर्यंत एकही पान राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपल्या देखरेखीखाली मेल्यासारखं झालं याचा त्यांना आनंद झाला. खाली चिलर दिवसरात्र बोंबलत होते, चौथ्या मजल्यावरची ट्रॅव्हल एजन्सी "फार थंड आहे" म्हणून आणि पाचव्या मजल्यावरची शिपिंग कंपनी "गार होत नाही" म्हणून रोज फोन करत होती. अकराव्या मजल्यावरच्या टेनंटची मात्र काही तक्रार नव्हती.

शुक्रवारी फोनचा दर कमी असतो, म्हणून बोलणं शुक्रवारी.

"बाबा, आय कान्ट डू धिस," ऑगस्टमध्ये तनया म्हणाली. "द मेस इज ऑफुल. पाणी सकाळी एकच तास. आणि रूममेट मला 'ए दुबई' म्हणते. दॅट्स नॉट माय नेम."

मग फोनवर कुंदा आली. "हॉस्टेलवर नाही राहणार ती. रोज रडते. मी कोथरूडला दोन खोल्या बघितल्यात."

"तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी, आणि मी राहीन सोबत. थोडे दिवस."

"म्हणजे सप्टेंबर?"

"सप्टेंबरचं बघू," कुंदा म्हणाली. नेवगींना ते वाक्य ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं ते या टोकाकडून बोललं जायचं.

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी कुंडी परत आणली. खैरुद्दीनने ती लिफ्टपर्यंत आणून दिली आणि "चेक-आऊट हो गया क्या मॅडम का," म्हणाला. घरी आणून त्यांनी ती हॉलमधल्या खिडकीजवळ ठेवली, अर्धी वाटी पाणी घातलं. मग एक अडचण लक्षात आली. नेवगींच्या घरात घराबाहेर पडताना एसी बंद करायचा नियम होता, आणि चालू असला तरी त्याची कळ मधल्या खाचेपुढे न्यायची नाही, असाही होता. दोन्ही नियम त्यांचेच. दिवसभर बंद घरात ते झाड वाफेत शिजलं असतं. नेवगी दारात चपला घालून बराच वेळ उभे राहिले. मग एसी चालू ठेवून गेले. रिकाम्या घराला थंडी पुरवणाऱ्या अरबांवर ते आजवर जे जे बोलले होते, ते सगळं त्यांना जिना उतरताना आठवलं.

कोंब आले ते जाड आले. जानेवारीतल्या त्या फिकट, घाईच्या कोंबांसारखे नव्हेत. चुण्या उलगडत गेल्या, आणि ऑक्टोबरात एक दिवस पानांच्या पोटातून पेन्सिलीएवढी दांडी डोकावली. तिच्यावर कळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नेवगी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात गेले. तिथे विष्णू अय्यर बसायचा.

"नोटीस किती द्यावी लागते हो, अय्यर?"

"कुणासाठी?"

"एक मित्र आहे."

"वन मंथ," अय्यर म्हणाला. "मित्राला सांगा, उन्हाळ्यात देऊ नको. साहेब भडकतात. आत्ता बेस्ट टाइम."

"सांगतो."

"चांगला मित्र आहे?"

"बरा आहे," नेवगी म्हणाले.

त्या शुक्रवारी सकाळी तीन फुलं उघडली होती. जांभळी, मध्ये पांढरट, फार मोठी नाहीत. हार्डिंगने ज्याची सात वर्षं वाट बघितली ते हेच, असं कुणी सांगितलं असतं तर कुणालाही जरा कमीच वाटलं असतं. नेवगींनी दाढी केली, आंघोळ केली, मग फोन लावला.

"जेवलात?" कुंदाने विचारलं.

"व्हायचंय. अगं, फुललंय ते."

"काय?"

"हार्डिंगचं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कुंदा शिट्ट्या मोजणारी बाई. त्या दिवशी तीन झाल्या, चार झाल्या, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला नाही.

"कसं फुललं?" तिने शेवटी विचारलं.

"बिल्डिंगमध्ये ठेवलं होतं. अकराव्या मजल्यावर."

"टेनंटच्या थंडीत?"

"हो."

कुकरची पाचवी शिट्टी झाली.

"मी बोललो होतो," नेवगी म्हणाले. "फुललं की जायचं."

"बोलला होतात."

"तर देऊ का नोटीस? महिन्याची लागते. विचारून ठेवलंय."

"विचारून ठेवलंय तुम्ही?" तिचा आवाज बारीक झाला. मग तिने रिसीव्हर कुठेतरी ठेवला, गॅस बंद केला, आणि परत आली तेव्हा आवाज नेहमीचा होता. "महिना कोणता चाललाय?"

"ऑक्टोबर. का?"

"आणि साहेबाच्या आईकडे कधी फुलायचं ते?"

"मेमध्ये."

"मग हे धरायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ऋतू सोडून फुललंय. चुकून. असं कसं धरायचं? तुम्ही म्हणालात फुललं की जाऊ, म्हणजे वेळेवर फुललं की."

"कुंदा."

"तनयाची चार वर्षं आहेत," ती भराभर म्हणाली. "इथे जागा घेतलीय, तिची फी आहे. आत्ता येऊन तुम्ही करणार काय इथे? या वयात कोण देणार नोकरी? मी सगळं बघितलंय इथे. बघूनच सांगतेय." मग थांबून म्हणाली, "मेमध्ये फुललं की सांगा. तेव्हा धरू."

नेवगींनी फुलांकडे बघितलं. एक कळी अजून मिटलेली होती.

"बरं," ते म्हणाले.

"दिसतं कसं?"

"जांभळं आहे. मध्ये जरा पांढरं."

"पाणी जास्त घालू नका," कुंदा म्हणाली. "मला सवय लागली होती तशी."

तनयाने फोन ओढून घेतला. "बाबा, डिड इट रिअली? फोटो काढून पाठवा ना. प्लीज."

"पाठवतो."

फोन ठेवल्यावर ते जेवले नाहीत. खिडकीतून आत ऊन येत होतं आणि सगळ्यांत मोठं फूल कडेने जरा मऊ पडल्यासारखं वाटत होतं. खाली रस्त्याच्या दुभाजकात म्युनिसिपालिटीची माणसं यंदाची पेटूनिया लावत होती, डोक्याला फडकी गुंडाळून, ओळीने. नेवगींनी पडदा ओढला. एसीची कळ मधल्या खाचेपुढे नेली, मग आणखी पुढे, जिथे ती या घरात कधी गेली नव्हती तिथे.

थोड्या वेळाने त्यांना थंडी वाजायला लागली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या पिशवीत, एक स्वेटर होता. पुण्याला परत गेल्यावर लागेल म्हणून कुंदाने तो विणला होता. तनया तेव्हा पहिलीत होती आणि ते पुढच्या वर्षी जाणार होते. स्वेटर एकदाही घातलेला नव्हता. माप तेव्हाचं होतं. वरची दोन बटणं लागली, पोटावरची लागली नाहीत.

त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि कुंडीसमोर बसले. मिटलेली कळी उघडते का ते बघत राहिले. मग उठून त्यांनी एसीची कळ शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली आणि हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेऊन पुन्हा बसले.